जाहिरातीतला पिंजारी

मुरुम गावच्या पेठेत पिंजणाची घरघर ऐकू आली की समजायचं, चाँदपाशा नदाफांचं दुकान जवळ आलं. वय अडुसष्ट. त्यांचे वडील कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून पार आळंदपर्यंत गावोगाव हिंडायचे. चाँदपाशांनी विजेचं पिंजण बसवलं आणि एका जागी बूड टेकलं. जुनी गादी उसवायची, गोळे झालेला कापूस पिंजायचा, पुन्हा खोळीत भरून दाभणानं टाके घालायचे. याच कामावर त्यांनी दुकानामागच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, दोन मुलींची लग्नं केली, मुलगा समद याला मेकॅनिक केलं. मुरुमात त्यांना कुणी श्रीमंत म्हणत नव्हतं, आणि गरीबही कुणी म्हटलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याहून एक गाडी आली. त्यातून चौघं उतरली. फोमच्या गाद्या विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात करायची होती. त्यांची म्होरकी वैदेही नावाची तिशीतली मुलगी. बोलायला गोड.

"चाचा, हातानं काम करणाऱ्या माणसांचा आम्हाला सन्मान करायचाय," ती म्हणाली.

सन्मान म्हटल्यावर चाँदपाशा आत गेले आणि ईदला शिवलेला पांढरा सदरा घालून आले. त्यांच्या बायकोनं, जमिलाबींनी, भजी तळायला घेतली. वैदेहीनं सदऱ्याकडं पाहिलं.

"चाचा, मघाचं बनियनच राहू द्या ना. ते खरं वाटतं."

मघाचं बनियन कामाचं होतं. दाभण अडकून अडकून त्याची चाळण झालेली. पण पाहुण्यांचा शब्द कसा मोडायचा? त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. मग कॅमेरेवाल्यानं फ्रीजवर चादर टाकली. मोटारसायकल शेजारच्या भिंतीला नेऊन लावली. पंखा आवाज करतो म्हणून बंद केला. एवढं करूनही मनासारखं दिसेना, तेव्हा सगळे पिंजणाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत गेले. तिथं पोती आणि फाटक्या खोळी पडलेल्या असत.

"रात्री कुठं झोपता चाचा?"

"खाली. सतरंजीवर."

"गादीवर नाही?"

"दिसभर कापसातच असतो की. रातच्याला पाठीला कडक जमीनच बरी वाटती."

पंखा बंद, पिंजण चालू. तंतू उडून डोळ्यांत गेले, पाणी यायला लागलं. चाँदपाशांनी हात वर नेला, तसा कॅमेरेवाला ओरडला, "पुसू नका, पुसू नका!" शेवटी त्यांना कंपनीची एक गादी भेट दिली आणि हात जोडायला सांगितलं. दारात आलेल्या माणसाला हात जोडायला चाँदपाशांचं काय जाणार होतं? त्यांनी जोडले.

पंधरा दिवसांनी नात सिमरन मोबाईल घेऊन धावत आली. पडद्यावर पोत्यांमध्ये बसलेला एक म्हातारा रडत होता. मागं कसलंसं करुण वाद्य वाजत होतं. 'रात्री कुठं झोपता' या प्रश्नाला तो एवढंच सांगत होता, "खाली." पाठीबद्दलचं वाक्य गेलं होतं. त्याजागी अक्षरं आली: 'आयुष्यभर दुसऱ्यांना मऊ झोप दिली. स्वतः मात्र जमिनीवर झोपला.' मग नवी गादी, जोडलेले हात आणि कंपनीचं नाव.

जमिलाबींनी दोनदा पाहिलं. "अन् माझा फ्रीज कुठाय?" एवढंच त्या म्हणाल्या.

चाँदपाशांनी मोबाईल हातात घेऊन पुन्हा पाहिलं. आपलंच तोंड, पण ओळखीचं वाटेना, असं त्यांना झालं.

त्यानंतर गिऱ्हाइकाची तऱ्हा बदलली. भावावरून अर्धा अर्धा तास हुज्जत घालणाऱ्या बायका सांगितला तो आकडा गुपचूप द्यायला लागल्या, वर "राहू द्या, चाचा" म्हणायच्या. हुज्जत गेल्यानं चाँदपाशांना कामात चव लागेना. काही लोक तर दुकानात शिरून विचारत, "ती जाहिरातीतली फोमची गादी तुमच्याकडं मिळती का?"

एका सकाळी निवृत्त मास्तर अंबादास जोशी आले. समद त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सरांनी आणलेली पिशवी हळूच कोपऱ्यात ठेवली. आत दोन वापरलेले स्वेटर आणि एक पँट होती.

"सर, हे काय?"

"काही नाही, चाँदभाई. घरात पडूनच होते. तुमची एवढी ओढाताण असेल याची कल्पना नव्हती हो."

"सर, तुमी तीस वर्सं माझ्या घरी चहा पिताय. ओढाताण कवा दिसली का?"

सर चपापले. "पण त्या जाहिरातीत..."

"जाहिरात तुमी दोन मिन्टं बघितली. मला तीस वर्सं बघताय."

सरांचा चेहरा उतरला. चाँदपाशांनाही आपण जास्त बोललो असं वाटलं. त्यांनी चहा मागवला. सरांनी तो घेतला आणि जाताना पिशवी उचलून नेली. त्यानंतर ते महिनाभर त्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

मार्चमध्ये वैदेही पुन्हा आली. जाहिरात लई चालली होती. आता दुसरा भाग करायचा होता, 'चाचांचं आयुष्य बदललं' असा. चाँदपाशांनी तिला खुर्ची दिली.

"करू की. पण या वक्ताला सदरा घालीन. फ्रीज दिसू दे, गाडी दिसू दे. अन् हे सगळं पिंजणावर आलंय, तेबी मला बोलू द्या."

वैदेहीनं आतल्या फ्रीजकडं पाहिलं. मग म्हणाली, "चाचा, पहिल्यापासून फ्रीज होता म्हटलं तर आम्ही काय बदललं, असं लोक विचारतील."

"इचारू देत."

"वरचे नाही म्हणतील."

"मग नगं, बेटा."

तिनं फार आग्रह केला नाही. पहिल्या वेळी फ्रीज झाकताना आपल्यालाही बरं वाटलं नव्हतं, असं ती उठता उठता म्हणाली. चाँदपाशांनी ते ऐकून घेतलं. जमिलाबींनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढं कानावर आलं की कंपनीला भूमकडं दुसरा एक पिंजारी मिळाला.

भेट आलेल्या गादीवर समद झोपतो. चांगली आहे म्हणतो. चाँदपाशांचाही त्या गादीवर राग नाही.

जाहिरात अजून मोबाईलवर फिरते. परवा उमरग्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसले असताना एका म्हातारीनं त्यांना ओळखलं. तिचं नाव गौराबाई. नातवाच्या मोबाईलवर बघितलं होतं म्हणाली.

"आता बरं हाय का बाबा तुमचं?"

"बरं हाय," चाँदपाशा म्हणाले. "पयलंबी बरंच होतं."

गौराबाईंना ते नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि आपल्या गुडघ्याचं सांगायला सुरुवात केली. चाँदपाशा सरकून बसले आणि ऐकत राहिले.