दोन खोल्या मिळाल्या तेव्हा

लष्कराच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे जॅक म्हणायचे. गाडी बंद पडली की हा पाठीवर सरकत तिच्याखाली शिरायचा आणि तिथूनच गप्पा हाणायचा. "ह्यांना चेहऱ्यापेक्षा बुटांवरून ओळखणारी माणसं जास्त," असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची.

एक दिवस ट्रक टेकूवरून घसरला. जीव वाचला, पण कंबर कामातून गेली. दवाखान्यातून बाहेर पडला तेव्हा हातात काठी होती आणि नोकरी संपली होती. नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार होतं. साहेब मनाने वाईट नव्हता. त्याने मुदत वाढवून दिली, पुन्हा एकदा दिली. त्यानंतर मात्र त्याला जॅकच्या नजरेला नजर देता येईना. "दुसरं कुटुंब ताटकळलंय रे. त्यांच्याकडे तान्हं मूल आहे."

घर शोधायचं काम बायकोच्या गळ्यात पडलं. मालक विचारायचे, "मिस्टर कुठे कामाला?" ती खोटं बोलायची नाही, आणि तिथेच बोलणं संपायचं. एकदा तिसऱ्या मजल्यावरची खोली जवळजवळ ठरलीच होती. जॅक हट्टाने जिना चढायला लागला. मधल्या वळणावर जो बसला, त्याला उठता येईना. मालकाने अदबीने पाणी आणून दिलं आणि खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं.

तोवर मुलीला मावशीकडे ठेवायचं ठरलं. ती तेव्हा चौथीत होती. "थोडे दिवस गं," जॅक म्हणाला. तिने मान हलवली आणि स्वतःची पिशवी स्वतःच भरली. घर बदलायची सवय होती पोरीला.

क्वार्टर सुटल्यावर जॅक माजी सैनिकांच्या वसतिगृहात गेला. तिथे बायकांना राहायची मुभा नव्हती. बायकोने एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम धरलं आणि कामवाल्या बायकांच्या खोलीत एक खाट मिळवली. सुट्टीच्या दिवशी दोघं बसस्टॉपच्या बाकावर भेटायची. "लोकांना वाटत असेल, म्हातारपणी प्रेमात पडलेत," ती म्हणायची. जॅक हसायचा, पण बस आली की ती कुठली आहे हे न बघताच उठायचा.

वसतिगृहात एक निवृत्त आचारी होता. त्यानेच जॅकला सांगितलं की सैनिकांच्या कुटुंबांना घर मिळवून द्यायला एक कल्याण कार्यालय आहे. जॅकने ते बायकोच्या कानावर घातलं आणि लगेच म्हणाला, "पण माझ्यापेक्षा जास्त नड असलेले कितीतरी असतील."

"असतील," ती म्हणाली. "पण त्यांची बायको मी नाही. चला, उठा."

कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीची मागची खोली होती. टेबलामागे लष्करातूनच निवृत्त झालेली एक नर्सबाई बसायची. बोलायला फटकळ होती. तिने जॅकला आधी खुर्ची दिली, मग विचारलं, "राहणार किती जण?"

"दोघं," जॅक म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. "तिघं," ती म्हणाली. "आम्हाला मुलगी आहे."

जॅकचा चेहरा पांढरा पडला. नर्सबाईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "तिघं. ठीक आहे."

त्यानंतर ती हात धुऊन घराच्या मागे लागली. फोनवर लोकांना झापलं, पालिकेत खेटे घातले. तरी वर्ष उलटलं, शाळेचं आणखी एक वर्ष सुरू होऊन संपत आलं, तेव्हा कुठे तळमजल्यावरच्या दोन खोल्या हाती आल्या. दाराशी पायऱ्यांऐवजी उतार होता. आतली खोली बायकोने पिवळसर रंगवली. जॅकने भिंतीला टेकून, थांबत थांबत, जुन्या फळ्यांचं अभ्यासाचं टेबल केलं.

मावशी मुलीला घेऊन आली. उंच झाली होती ती. चपला काढून तिने भिंतीशी नीट लावल्या आणि उंबऱ्यातच थांबली. "आत येऊ?"

"अगं, असं काय विचारतेस!" आईने तिला ओढूनच आत घेतलं.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. टेबल छान आहे म्हणाली. मग जॅककडे वळून म्हणाली, "काका, पाणी कुठंय?" आणि जीभ चावली. "बाबा," ती पुटपुटली. मावशीच्या नवऱ्याला ती काका म्हणायची.

जॅकने स्वतः उठून पाणी आणलं. पेला देताना म्हणाला, "तुला तिकडेच राहायचंय ना?"

मुलीला रडू फुटलं. "तिथे माझी शाळा आहे. मैत्रिणी आहेत. मी सुट्टीत येईन ना, बाबा. नक्की येईन."

"राहू दे तिला," तो बायकोला म्हणाला. "किती वेळा उचलून दुसरीकडे ठेवायचं?"

बायको आत गेली आणि पाण्याचा नळ सोडून उभी राहिली.

मुलगी शब्दाला जागली. दर सुट्टीत आली, पण तिची पिशवी कधी पूर्ण रिकामी झाली नाही. पुढे शिकली, दूरच्या गावी नोकरीला लागली. फोन करते, तब्येतीची चौकशी करते. जॅक दाराशी बसून सायकली दुरुस्त करतो.

नर्सबाई अजून कधीकधी नव्या कुटुंबांना जॅकच्या बायकोकडे पाठवते. बायको त्यांच्याबरोबर घरं बघत हिंडते, मालकांशी भांडते. पण आधी एक गोष्ट बजावते, "एका खोलीत दाटीवाटीने राहा, पण लेकराला दुसऱ्याकडे ठेवू नका."

ती हे सांगायला लागली की जॅक काठी घेतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो.