गरम दाखला

मेहकरच्या झेरॉक्सवाल्याने मुलीचा ओबीसीचा दाखला लॅमिनेट करून तिच्या हातात दिला. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास नाकात शिरला आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली.

बुलडाण्याला डी.एड.ची यादी लागली होती. मी, माझे काका आणि जानेफळच्या शाळेत माझ्याच बाकावर बसणारी, बौद्ध वस्तीतली सुनंदा, असे तिघं गेलो होतो. माझं नाव शोधता शोधता काका तिला म्हणाले, "तुमचं बरं हाय पोरी. तुमाले बसल्या जागी सीट भेटते."

सुनंदाने ओढणीने घाम पुसला आणि खुल्या यादीत वरून चौथ्या नावावर बोट ठेवलं. "मी इथं हावो काका. हिचं नाव तिकडं पाहा."

माझं नाव दुसऱ्या कागदावर होतं, ओबीसीच्या यादीत. पिशवीत माझा दाखला होता, याच वासाचा. तरी परतीच्या एसटीत काका ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "आपल्या पोरीनं स्वतःच्या हिमतीवर नंबर लावला." सुनंदा शेजारीच बसली होती. मी एक शब्द बोलले नाही. आता त्या गप्प बसण्याचाच संताप येतो.

दुकानाची पायरी उतरताना मुलीला बौद्ध वस्तीतली तिची वर्गमैत्रीण दिसली. तीही दाखलाच घेऊन आली होती. ती आत गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, त्यायचं बरं असते. त्यायले सीट भेटतेच."

तिच्या हातातला दाखला अजून गरम होता. आणि मी वीस वर्षं लोकांची पोरं शिकवतेय.