शेवंताबाईंचा समास

आमच्या पारनेरच्या कचेरीत शेवंताबाईंच्या हातून बिघडली म्हणून जी सारणी गाजली, ती वस्तुतः माझ्यामुळे बिघडली होती. हे मी पुष्कळ काळ मनात ठेवले. आणि त्या काळात बाईंवर चिडण्याचा हक्कही सोडला नाही.

चिडण्यासारखे त्यांच्यात पुष्कळ होते. शेवंताबाई आमच्याकडे हंगामी टंकलेखिका. दोन ओळींची सूचना हाती दिली, तरी त्या यंत्राचा गाडा कागदाच्या मध्यावर नेत, मथळ्याची अक्षरे ओठांत मोजत आणि दर दोन अक्षरांना एकदा बॅकस्पेस मारीत मागे येत. मथळा अगदी मधोमध बसे. तोवर सूचनेतली बैठक सुरू झालेली असे. घाई केली की बोटे उचलून म्हणत, "भाऊसाहेब, रिकामी जागाबी टाईप करावी लागती. ती काय आपोआप पडत न्हाई."

मी मुख्य लिपिक. तरी मजकूर सांगायला उभा राहिलो की मलाच बजावीत, "आधी समास सोडा, मंग बोला." त्यांचा समास आखून होईपर्यंत मी पहिले वाक्य विसरलेला असे.

दुष्काळी कामांचे दिवस होते. गावे, कामे आणि मजूर यांची सारणी पुष्कळ प्रती छापण्याच्या मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, काढायची होती. बाईंनी रकान्यांसाठी टॅबच्या खुणा लावल्या. कळ दाबली की गाडा नेमक्या रकान्यावर जाऊन थांबे. पहिले पान उतरवून त्या डबा खायला गेल्या. मला एक पत्र तातडीने हवे होते. त्यांची वाट पाहण्याचा कंटाळा येऊन मी स्वतःच यंत्रावर बसलो, त्यांच्या खुणा पुसल्या आणि पत्रापुरत्या माझ्या लावल्या. पत्र घेऊन उठलो, ते त्यांच्या खुणा परत न लावताच.

बाईंची नजर नेहमी मूळ कागदावर, आणि स्टेन्सिलवर तर शाईही उमटत नाही. दुसरे पान त्यांनी हाताच्या विश्वासावर संपवले. प्रती निघाल्या तेव्हा मजुरांचे आकडे कामांच्या रकान्यात घुसले होते आणि खडी फोडण्याचे काम भलत्याच गावापुढे गेले होते. साहेब त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात पाठवणार होते. तो त्यांनी बाजूला ठेवला.

बाईंनी एकदाच विचारले, "माझ्या मशीनला कुनी हात लावला व्हता का?" मी फाईलमध्ये मान घातली. त्या म्हणाल्या, "मंग माझंच चुकलं आसंल." त्या दिवसापासून त्या प्रत्येक पानाआधी खुणा दोनदा तपासू लागल्या, आणि या वाढत्या दिरंगाईबद्दलही मीच त्यांच्यावर वैतागत राहिलो.

पुढे हंगामी जागा संपली. बाई राजूरला दुसऱ्या हंगामी जागेवर निघाल्या. निरोपाच्या चहाला साहेबांनी मला दोन शब्द बोलण्यास सांगितले. मी उठून घाईघाईने त्यांच्या नीटनेटकेपणाची स्तुती सुरू केली. बाईंनी बशी खाली ठेवली.

"भाऊसाहेब, आधी समास सोडा, मंग बोला."

सगळे हसले. मी थांबलो. हसणे विरले, तरी थांबलोच. मग साहेबांकडे वळून म्हणालो, "त्या सारणीच्या वेळी यंत्रावरच्या खुणा मी हलवल्या होत्या. बाईंची चूक नव्हती." आणि त्यांच्याकडे पाहून, "बाई, तुम्ही विचारलंत तेव्हाच हे सांगायला हवं होतं. मला क्षमा करा."