सोलण्याच्या तासांपुढचं शून्य

चूक माझीच होती, आणि ती गणिताची नव्हती. गणित बरोबर होतं, म्हणूनच ती कबूल करायला मला इतका वेळ लागला.

चिखल्याला चिकू वाळवण्याच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं काम बघतो. चिकूचे काप किती करायचे आणि पावडर किती, हे आम्ही लिनियर प्रोग्रॅमिंगने ठरवतो. फळं, ड्रायरचे तास, सोलणाऱ्या बायकांचे तास, सगळं कॉम्प्युटरला दिलं की तो जास्तीत जास्त नफ्याचा मेळ काढतो. सोबत सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट येतो. कशाचा एक तास वाढला तर नफा किती वाढेल, आणि कशाचे किती तास कमी केले तरी काही बिघडणार नाही, हे त्यात असतं. त्या हंगामात ड्रायर अपुरा पडत होता. त्याच्या तासापुढे मोठा आकडा होता. सोलण्याच्या तासापुढे शून्य.

"शून्य म्हणजे फुकट बसतात ना?" शेठ म्हणाले.

"फुकट नाही शेठ. थोडे तास जास्त आहेत, एवढंच. दोघी कमी केल्या तरी चालेल."

"मग करून टाका."

झरीहून आठ बायका एकाच जीपने यायच्या. त्यातल्या नव्या दोघींना मी कामावरून थांबवलं. उरलेल्या सहा जणींत एक वडीलधाऱ्या मावशी होत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी मावशींनी पोचायलाच हवं. म्हणून तर त्यांनी हे काम धरलं होतं. त्या मला म्हणाल्या, "चला, आता गाडीत पाय पसरून बसू साहेब!" बाकीच्या हसल्या. मीही हसलो. सगळ्या सीट भरल्या नाहीत तर जीपवाल्याला परवडत नाही, हे मला माहीत होतं. गेटवर त्याची कटकट मी रोज ऐकायचो. पण रिपोर्टमध्ये जीप नव्हती, कारण मॉडेलमध्ये मीच ती घातली नव्हती.

आठवडाभरात जीपवाल्याने दुसऱ्या कारखान्याचं भाडं धरलं. उरलेल्या सहाही जणींचं येणं बंद झालं. मी पुन्हा मॉडेल चालवलं, तेव्हा सोलण्याच्या तासापुढे भला मोठा आकडा आला. शेठनी गावातल्याच बायका लावल्या आणि तो परत शून्यावर गेला. आमचं काहीच बिघडलं नाही.

मावशी सीमेपलीकडे गुजरातमध्ये कामाला गेल्या. तिथेच राहायचं, सुट्टीच्या दिवशी घरी. नवरा आठवड्यातल्या मधल्याच एका दिवशी वारला. त्या पोचल्या तेव्हा लोक त्यांच्यासाठीच खोळंबले होते. मी कमी केलेल्या दोघींपैकी एकीने हे मला तलासरीच्या बाजारात सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतर कित्येकदा डहाणू रोडहून झरीला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परतलो. परवा पोचलो. मावशी अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"साहेब? परत कामाला बोलवायला आलात काय?" त्या थोड्या हसल्या. "आता कुठंही येईन. घरी पोचायची घाई नाही राहिली."

मी उभाच होतो. "मावशी, दोघी कमी केल्या की तुमची गाडी बंद पडेल, हे मला त्याच दिवशी कळत होतं. तुम्हाला संध्याकाळी घरी पोचायचं असतं, हेही माहीत होतं. तरी शेठपुढे मी तोंड उघडलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."