ओल्या बाळंतिणीला घेऊन निघालेली गया

दुधाची पिशवी घेऊन परतत होतो, तर शेजारचा पोरगा गल्लीच्या तोंडाशीच उभा. "काका, आधी घरी चला," एवढंच म्हणला. माझी बायको गया गेली होती. बसल्या जागी. आजारी पडून राहायचा तिला लई कंटाळा...

मी चौथी शिकलेलो. तिच्याबद्दल सगळं लिहिता यायचं नाय, एवढंच लिहितो.

मागल्या साली सून अश्विनीला दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणल्या, गर्भ दोन आहेत, पण बाळ एकच. दुसऱ्या जागी नुसते द्राक्षाच्या घडासारखे फोड. रक्त जाईल, बीपी चढंल, पोरीच्या जिवावर बेतंल. ठेवायचं का काढायचं, ठरवा. पोरगा माझ्या तोंडाकडं बघायला लागला. गया म्हणली, "त्यांच्याकडं काय बघतो? तिला विचार. पोट तिचं हाय." अश्विनी म्हणली, ठेवायचं. मग पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत गयानंच मोडली. चिकलठाण्यात आमच्या घरापासून दवाखाना जवळ, म्हणून सुनेला हलू दिलं नाय. दोनदा रक्त गेलं, दोनदा भरती केलं. आठव्यात ऑपरेशन करून नात झाली, मुठीएवढी. फोडही तेव्हाच काढले.

पण त्यातलं काही आत राहिलं तर पुन्हा वाढतं, गाठ होते म्हणं. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. आता आमची गया अशी, की स्वतःच्या लेकींना सव्वा महिना उंबरा ओलांडू दिला नव्हता. तीच सुनेचे कान बांधून रिक्षा थांबवायची. शेजारीण म्हणली, "ओली बाळंतीण घेऊन कुठं निघालीस गं?" "तुझ्याकडंच जेवायला. पेटव चूल!"

पुढं रिपोर्टातला आकडा उतरत गेला, तपासण्या महिन्यावर आल्या. शेवटची तेवढी राहिली, अन् ही गेली. तारीख नेमकी सुतकात. भावकी म्हणली, दहावा होऊ द्या, चार दिवसांनी काय बिघडतंय? मी म्हणलं, बिघडलं तर निस्तरायला तुम्ही येणार का? अन् सुनेला घेऊन गेलो.

संध्याकाळी रिपोर्ट चांगला आला. घरी पोचलो, तर चप्पल काढायच्या आधीच मी आत तोंड करून ओरडलो, "ऐकलं का गं, सुटली पोरगी!"

पाहुण्यांनी भरलेलं घर. समदे वळून दाराकडं बघायला लागले.

अश्विनी मागं उभी, लेकरू कडेवर. म्हणली, "मामा, जरा मोठ्यानं सांगा. भांडी घासताना मामींना ऐकू येत नाय."

मी पुन्हा सांगितलं.