सहा जीबीचं लग्न

नातीचं अख्खं लग्न मी पाच मिनिटांत फोनमध्ये भरायला निघाले होते. तेव्हा मी जेमतेम अडुसष्टची, म्हणजे तशी पोरसवदाच. त्यात शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. अंगात माज फार.

लग्न संभाजीनगरात झालं, पण माझ्या थोरल्या नणंदेला, आमच्या अक्कांना, येता आलं नाही. खुब्याचं हाड मोडून त्या कन्नडजवळच्या शेतवस्तीवर बाजेला खिळलेल्या. भावाच्या नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या म्हणून वर्षभर आधी लुगडं घेऊन ठेवलेलं. मी फोनवर ठणकावून सांगितलं, "अक्का, रडू नका. लग्नाचा व्हिडिओ घेऊन मीच येते." वस्तीवर नेट नाही, माझ्या रिचार्जमध्ये नुसतं बोलणं. म्हणजे घरच्या वायफायवरच तो उतरवून न्यायचा होता.

मुलगा चितेगावला कामावर जाताना सांगून गेला, "आई, सकाळीच डाउनलोडला लाव." मी लावलं नाही. फाईल सहा जीबीची, म्हणजे सहा हजार एमबी. आमचं कनेक्शन वीसचं. सहा हजार भागिले वीस, तीनशे सेकंद. पाच मिनिटं! एवढ्याशा कामाला सकाळपासून कशाला लागायचं? मी निवांत अक्कांसाठी धपाटे भाजत बसले. दोन तर गरमागरम खाल्लेही.

रिक्षा यायला दहा मिनिटं उरली तेव्हा ऐटीत बटण दाबलं. पाच मिनिटं झाली, तर ती निळी रेघ जेमतेम हललेली, आणि खाली वेग दाखवतोय अडीच. मुलाला फोन लावला.

"अरे, तुझं नेट बिघडलंय. वीसचे पैसे घेतात आणि अडीचनं देतात!"

"बरोबर देतात, आई. ते वीस मेगाबिट. फाईल मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. वीसला आठानं भाग."

"अडीच," मी म्हणाले. सहा हजार भागिले अडीच. चाळीस मिनिटं.

तिकडून आवाज आला, "आई, शाळेत तू आम्हाला काय म्हणायचीस गं?"

"ठेव फोन."

काय म्हणायचे? ताशी किलोमीटर आणि सेकंदाला मीटर यांची खिचडी केली की पोराला बाकावर उभं करायचे. आधी एकक सारखं करा, मग भागाकाराला हात लावा. त्या दिवशी बाकावर उभं करायला घरात मी एकटीच होते, आणि गुडघे दुखत होते.

पुढची एसटी धरणं शक्य नव्हतं. अक्कांचा मुलगा बाजाराला जीप घेऊन आलेला, तो मला कन्नडच्या स्टँडवरून घेऊन लगेच परतणार होता. निघाले. फोनमध्ये चतुर्थांश लग्न, आणि तेही उघडेना.

वस्तीवर पोचले तर अक्का नवं लुगडं नेसून, उशांना टेकून बसलेल्या. शेजारच्या दोघी-तिघी सतरंजीवर. अक्कांच्या मुठीत हळद लावलेली ज्वारी.

"लाव गं वैनी," त्या म्हणाल्या.

मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. बिट, बाइट, आठ, धपाटे. अक्कांनी ऐकून घेतलं आणि मूठ हळूच पदराखाली नेली. ते मला बघवेना.

"थांबा अक्का," म्हटलं आणि पदर खोचला. दोघींना चादर धरायला लावली, अंतरपाट म्हणून. नवरदेव मी, नवरी मी, घड्याळाकडे बघणारे भटजीही मीच. वरमायेचा रुसवा दाखवला, मानपानाच्या साडीकडे तिनं टाकलेला तिरका डोळा दाखवला. फाटक्या गळ्यानं मंगलाष्टकं म्हटली. 'सावधान' म्हणताच माझ्या तोंडावर ज्वारी सपकन आली, नेम धरून. पंगत दोन वाक्यांत वाढून टाकली. पाठवणीला नात कशी रडली ते दाखवताना मात्र मला नाटक करावं लागलं नाही. अक्काही रडल्या, नाक पुसलं, मग हसल्या. बायका घरी गेल्या तेव्हा मी घामानं निथळत बाजेच्या कडेला टेकले.

अक्का माझ्या केसांतली ज्वारी वेचत म्हणाल्या, "वैनी, लगीन लई मस्त झालं. पण जेवणाची पंगत तू घाईघाईत उरकली. उद्या ती पुन्हा एकदा नीट वाढ."