तीनातून वजा

लग्नानंतर आम्ही दोघं कोथरूडमधल्या एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहीत होतो. नवरा माझा सीनियर. एका कारखान्यासाठी पाळ्यांचा प्रोग्रॅम चालला होता. दिवसपाळी म्हणजे एक, रात्रपाळी म्हणजे दोन. आठवडा संपला की कामगाराची पाळी बदलायची. नवऱ्यानं सरळ लिहिलं होतं : एक असेल तर दोन कर, दोन असेल तर एक कर. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे थोडक्यात होईल का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तीनातून वजा करायचं. एक असेल तर दोन उरतात, दोन असतील तर एक."

साहेब नवऱ्याकडे बघून म्हणाले, "अहो, घरीच शिकवणी लावा."

सगळे हसले. तोही हसला.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. तो मागून आला आणि त्यानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली. "तीनातून एक गेला, किती?"

मला चेष्टा वाटली. "दोन," म्हटलं.

त्यानं माझं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. "दोन गेले, किती?"

पुन्हा आपटलं. भुवई फुटली, रक्त परातीत पडलं. सासूबाई दारात आल्या, "अरे, शेजारी ऐकतील" म्हणाल्या आणि खिडकी लावून गेल्या.

तोवर मी नुसती घाबरले होते. ती खिडकी लागली आणि माझं डोकं फिरलं. हाताशी लाटणं होतं. न बघताच मागे मारलं. वेणी सुटली. मग वळून त्याच्या मनगटावर मारलं, हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो आईला हाका मारत खाली बसला. तेव्हा थांबता आलं असतं. मी आणखी एक खांद्यावर घातला.

रिक्षानं कसब्यात माहेरी गेले. वडिलांनी दार उघडलं.

"त्यानं?"

"हो. हात मोडलाय त्याचा."

"बरं झालं. चल, आधी टाके घालून घेऊ."

पुढच्या आठवड्यात ऑफिसात गेले, तर त्यानं स्कूटर घसरल्याचं सांगून ठेवलेलं. साहेब म्हणाले, "दोघंही पडलात म्हणे?"

"पडलो नाही," मी म्हटलं. "यानं माझं डोकं ओट्यावर आपटलं. याचा हात मी मोडला."

कोणी मान वर केली नाही. महिनाअखेर त्यानं नोकरी सोडली.

घटस्फोट त्यानं बराच अडवला, पण मिळाला. कोर्टाबाहेर सासूबाई जवळ आल्या. "हात अजून दुखतो गं त्याचा, थंडीत."

वडील पुढे चालू लागले होते, मीही निघाले.